मुरबाडचा रस्ता आणि दिल्लीचं तिकीट

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे ३६ वर्षांचे, ऐरोलीत एका आयटी कंपनीत नोकरीला. मूळ गाव मुरबाड तालुक्यात, आईवडील तिथेच. गेली सहा वर्षं हे जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवार गावी जातात. मित्रांना जमवून अभ्यासिका सुरू केली, उन्हाळ्यात वाडीला टँकर पुरवले. तरी वाडीला पाणी नाही, शाळेत चार वर्गांना एकच शिक्षक, मोबाइलला रेंज नाही, वनहक्काचे दावे रखडलेले, आणि मुरबाडला रेल्वे येता येत नाही. 'दिल्लीत बसल्याशिवाय यातलं काही सुटणार नाही, म्हणून मला खासदार व्हायचंय,' असं ते लिहितात. एका पक्षाचे तालुक्यातले पदाधिकारी त्यांना म्हणतात, 'शिकलेली माणसं हवीत, नोकरी सोडा, पूर्णवेळ या, २०२९ नाही तर २०३४.' पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, मुलगी आठ वर्षांची, घराच्या कर्जाचे अकरा वर्षांचे हप्ते बाकी. पत्नी म्हणते, 'खासदार हो, पण मला विचारू नकोस.' वडील म्हणतात, 'राजकारण आपलं काम नाही.' दोघांनाही आपली तळमळ कळत नाही असं त्यांना वाटतं. शेवटी विचारलंय, 'ताई, राजीनामा देऊ का?'

*

तुमच्या पत्रातल्या गावाच्या अडचणी मी एका कोऱ्या कागदावर उतरवून घेतल्या आणि प्रत्येकीपुढे लिहिलं, हिची फाइल कुणाच्या टेबलावर असते. ही माझी जुनी सवय आहे. एका ग्रामीण मतदारसंघाच्या खासदारांच्या संपर्क कार्यालयात मी अकरा वर्षं पत्रं टाइप केली. समोरचा माणूस कितीही बोलला तरी मला आधी ठरवावं लागायचं ते एवढंच, की पत्र कुणाच्या नावाने काढायचं.

वाडीच्या पाण्याचं बघा. नळयोजना आता जलजीवन मिशनमधून होतात. पैसा केंद्राचा आणि राज्याचा, पण अंदाजपत्रक, ठेकेदार, विहिरीची जागा, बिलं, हे सगळं जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात. शाळेचा शिक्षक जिल्हा परिषदेच्याच शिक्षण विभागात. वनहक्काचा दावा २००६ च्या कायद्याप्रमाणे ग्रामसभेतून निघतो, उपविभागीय समितीकडे जातो आणि जिल्हा समितीत निकाली निघतो. त्यात खासदाराची सही कुठेच लागत नाही. राहिला टॉवर आणि राहिली रेल्वे. ही दोन खरोखरच दिल्लीची कामं. कल्याणहून मुरबाड-माळशेजकडे जाणारा तुमचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ६१ आहे, तो धरला तर तिसरं.

म्हणजे पाचातली तीन कामं ठाणे जिल्ह्याच्या हद्दीतच अडकून पडली आहेत. ती सोडवायला तुम्ही २०३४ पर्यंत थांबायचं ठरवताय, आणि मुलीच्या वयाची वाडीतली मुलं तोवर दहावी होऊन गेलेली असतील. मला सगळ्यात आधी खटकलं ते हे.

लोकांना वाटतं खासदाराकडे पैसा असतो. खासदार निधी वर्षाला ५ कोटी. तुमचं गाव भिवंडी लोकसभा मतदारसंघात, त्यात सहा विधानसभा क्षेत्रं. सरळ भागाकार केला तर एकेकाच्या वाट्याला ८३ लाखांच्या आसपास. त्यातलाही १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी ठेवायचा. आणि हा पैसा खासदाराच्या हातात येतच नाही. तो कामाची शिफारस करतो, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. करोनात तर २०२० मध्ये हा निधीच थांबवला होता. त्या काळात कुणा खासदाराला विचारा, गावोगाव काय ऐकून घ्यावं लागलं ते.

मग खासदाराकडे असतं काय? प्रश्न विचारायचा अधिकार असतो. लोकसभेच्या एका बैठकीत २० तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात, निदान पंधरा दिवस आधी द्यावे लागतात, आणि सोडतीत नंबर लागला तर मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं. तातडीचे विषय मांडायला शून्य प्रहर असतो, नियम ३७७ खाली विषय मांडता येतो. जिल्ह्यात 'दिशा' नावाची समिती असते, केंद्राच्या योजनांचा आढावा घेणारी. तिचं अध्यक्षपद जिल्ह्यातल्या लोकसभेच्या खासदाराकडे असतं, आणि तिथे अधिकाऱ्यांना कागद घेऊन बसावं लागतं. ही हत्यारं चांगली आहेत, पण ती चालवायला हवीत. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर यायचे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, कापडी पिशवीत फाइल. त्यांच्या गावाजवळच्या रेल्वे फाटकावर रात्री-अपरात्री बाळंतिणी अडकून पडायच्या. मास्तर तारीख, वेळ, किती मिनिटं फाटक बंद, सगळं वहीत लिहून आणायचे. त्यावरून आम्ही प्रश्न तयार केला. दोन अधिवेशनं नंबर लागला नाही, तिसऱ्यात लागला. उत्तर आलं तीन ओळींचं, 'प्रस्ताव विचाराधीन आहे.' मला फार वाईट वाटलं. मास्तरांनी मात्र त्या कागदाच्या पाच झेरॉक्स काढल्या आणि म्हणाले, 'बाई, आता तरी त्यांनी मान्य केलं ना, की प्रस्ताव आहे म्हणून.' पुढची दोन वर्षं ते प्रत्येक अर्जाला ती झेरॉक्स जोडत राहिले. तिथे आज पूल आहे.

हे मी अशासाठी सांगतेय की त्या पुलातलं खासदारांचं काम खरं होतं, पण मास्तरांचं त्याहून मोठं होतं. आणि मास्तरांना कुणी तिकीट दिलं नव्हतं.

तुमच्या पत्रातला दुसरा समज असा, की मतदारसंघ ग्रामीण आहे आणि तुम्ही गावचे आहात, म्हणून तो तुमचा. भिवंडी मतदारसंघ नकाशावर बघितला तर मुरबाड आणि शहापूरच डोळ्यांत भरतात, सगळं हिरवं. मतं मोजायला बसलात तर चित्र निराळं दिसतं. भिवंडीच्या यंत्रमागांच्या वस्त्या, कल्याण पश्चिमेच्या सोसायट्या, गोदामांच्या पट्ट्यातली गावं, असे सगळे मिळून वीस लाखांच्या घरात मतदार. खासदार त्या सगळ्यांचा. तुमच्या वाडीला त्याच्या वर्षातला एखादा दिवस मिळेल. एरवी वर्षाचे पन्नास-साठ दिवस संसद, बाकीचे दिवस लग्नं, दशक्रिया, उद्घाटनं, आणि कार्यालयातली ती रांग. सकाळी शटर उघडायच्या आधी माणसं पायरीवर बसलेली असायची. परळच्या हॉस्पिटलने दिलेलं खर्चाचं अंदाजपत्रक प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून आणलेलं. पंतप्रधान मदत निधीसाठी शिफारसपत्र हवं. गाडीचं आरक्षण वेटिंगवर; कोट्यासाठी पत्र हवं. केंद्रीय विद्यालयात प्रवेश हवा (तो खासदारांचा कोटा २०२२ मध्ये बंद झाला, तरी लोकांचं विचारणं काही बंद झालं नसणार). हे काम मी कमी लेखत नाही, त्यातल्या काही पत्रांनी माणसं जगली आहेत. पण तुमची तळमळ पाण्याची आहे, आणि खासदाराचा दिवस असा जातो, हे तुम्ही आधी बघायला हवं.

आता एक साधी गोष्ट विचारते. तुमचं मतदारयादीतलं नाव कुठे आहे? ऐरोलीला असणार. ऐरोली ठाणे लोकसभा मतदारसंघात येते, गाव भिवंडीत. लोकसभेला त्याने अडत नाही, देशातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं आणि वयाची २५ वर्षं पूर्ण असली की उभं राहता येतं. पण ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर नाव त्या गावच्या यादीत हवं, आणि जिल्हा परिषदेला त्या जिल्ह्यातल्या गटाच्या यादीत. तुम्ही महापालिकेचे मतदार. म्हणजे तुमच्या तीन कामांची चावी जिथे आहे त्या दोन्ही दारांशी तुम्ही आज उभेसुद्धा राहू शकत नाही. नाव बदलून घेऊ म्हणाल, तर गावात घर नावावर आहे एवढं पुरत नाही. तिथे खरोखर राहावं लागतं, असं कायदाच सांगतो. सहा वर्षं तुम्ही गावाला जीव लावलात, पण शनिवार-रविवारचे. हे बोलणं लागेल तुम्हाला, तरी बोलते.

ज्यांची कारकीर्द आपल्या आसपास घडली त्यांच्याकडे बघा. भिवंडीतून २०१४ आणि २०१९ ला निवडून आलेले कपिल पाटील दिवे-अंजूरचे सरपंच होते, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष होते, मग खासदार, मग २०२१ मध्ये केंद्रात पंचायती राज खात्याचे राज्यमंत्री. आणि २०२४ मध्ये पराभूत. नंदुरबारचे माणिकराव गावित तर १९८१ पासून लागोपाठ नऊ वेळा लोकसभेवर गेले. २०१४ मध्ये तेही हरले. पक्ष कुठलाही घ्या, गावाकडून गेलेल्या बहुतेकांच्या मागे पंचायत, बँक, सोसायटी किंवा एखादं आंदोलन, अशी पंधरा-वीस वर्षं असतात, आणि पुढे हमी कसलीच नसते.

आणि दि. बा. पाटील. तुम्ही नवी मुंबईत राहता, तेव्हा हे नाव तुम्ही बोर्डांवर, मोर्चात, विमानतळाच्या नामकरणाच्या वादात ऐकलंय. दिबा जासईचे, पाच वेळा पनवेलचे आमदार, १९७७ आणि १९८४ मध्ये कुलाब्याचे, म्हणजे आजच्या रायगडकडचे, खासदार. पण लोकांच्या मनात ते कशासाठी आहेत? सिडकोने ज्यांच्या जमिनी घेतल्या त्या भूमिपुत्रांच्या लढ्यासाठी. १९८४ च्या जानेवारीत उरणकडे गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क आला. त्या जानेवारीत दिबा लोकसभेत नव्हते. ते त्याच वर्षाच्या अखेरीला निवडून गेले. आज तुम्ही सिडकोने वसवलेल्या ज्या नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, राहता तिथली जमीन कुणाची होती, हे कधी शेजारच्या गावठाणातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. तुम्हाला राजकारणात यायचंय, तर ऐरोलीतच ते शिक्षण सुरू होतं.

आता घर. 'पत्नीला माझी तळमळ कळत नाही' असं तुम्ही लिहिलंय. तिचं वाक्य मी पुन्हा वाचलं: 'खासदार हो, पण मला विचारू नकोस.' मला त्यात ऐकू आलं, की तिला आजवर विचारलेलंच नाही. सहा वर्षांच्या शनिवार-रविवारी तुम्ही कुठे होता ते पत्रात तपशिलाने आहे. ती कुठे होती ते एका ओळीतही नाही. मुलगी आठ वर्षांची, म्हणजे दोन वर्षांची असल्यापासून सुट्टीच्या दिवशी तिचे बाबा घरी नसतात. आमचे साहेब भले माणूस होते. त्यांच्या मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा ते एका गावी तेराव्याला बसले होते. मीच फोन लावून दिला. मंडपाच्या कडेला जाऊन, एक कान बोटाने बंद करून ते बोलत होते, आणि पलीकडून काय आलं कोण जाणे, फोन ठेवल्यावर बराच वेळ तसेच उभे राहिले. पुढच्या निवडणुकीत ते पडले. निकालानंतर आठवड्याने कार्यालयात आम्ही तिघंच होतो, भाड्याच्या खुर्च्या मंडपवाला घेऊन गेला होता. तरी एक बाई हॉस्पिटलचा कागद घेऊन आलीच. साहेबांनी साध्या कागदावर पत्र लिहून दिलं, राजमुद्रेचं लेटरहेड आता चालणार नव्हतं. असा दिवस तुमच्याही घरी येऊ शकतो, आणि त्या दिवशी घरात कोण असेल हे तुम्ही आत्ता कसं वागता त्यावर आहे.

पैशाचं थोडक्यात. खासदाराचा पगार महिना १ लाख २४ हजार, अधिवेशनात दिवसाला अडीच हजार भत्ता, माजी झाल्यावर पेन्शन ३१ हजारांपासून. निवडणुकीत उमेदवाराला ९५ लाखांपर्यंत खर्च करता येतो, अनामत २५ हजार. पण हे सगळं निवडून येण्याच्या आसपासचं. त्याआधीची दहा वर्षं हप्ते कोण भरणार, हे तुमच्या पत्रात नाही, आणि उत्तर एकच दिसतं: एका खासगी शाळेतल्या शिक्षिकेचा पगार. खासगी नोकरी करणाऱ्याला निवडणूक लढवायला कायद्याने राजीनामा द्यावा लागत नाही (सरकारी नोकरांना द्यावा लागतो). कंपनीचे नियम तेवढे बघून घ्या. म्हणून राजीनामा आज नको. पीएफला हात लावू नका. दोन वर्षांचा घरखर्च आणि हप्ते वेगळे बाजूला पडल्याशिवाय 'पूर्णवेळ' हा शब्द घरात काढू नका.

त्या पदाधिकाऱ्यांबद्दल मला शंका आहे. 'नोकरी सोडा' म्हणणाऱ्याने तुम्हाला काम कुठलं दिलं? त्यांना सांगा, बॅनर आणि कार्यक्रमाचा खर्च मी करणार नाही, पण मतदारयादीचं, बूथचं, अर्ज भरून द्यायचं काम द्या. त्यावर त्यांचा फोन यायचा थांबला तर तुमचे पैसे वाचले. थांबला नाही तर माणसं बरी आहेत.

मी तुमच्या जागी असते तर पुढचं एक वर्ष असं घालवलं असतं. महिन्यातले दोन शनिवार गावाऐवजी तुमच्या गावच्या मतदारसंघाच्या खासदारांच्या संपर्क कार्यालयात, पक्ष कुठला ते न बघता, 'मला मसुदे लिहिता येतात, इंग्रजी येतं, संगणक येतो' असं सांगून. अशी माणसं कार्यालयांना नेहमी हवी असतात. हे मी ज्यांना निवडणूक लढवायची नाही पण सार्वजनिक कामात यायचंय अशा सगळ्यांनाच सांगते, विशेषतः मुलींना. तिथे पहिला प्रश्न टॉवरचा तयार करा. केंद्राने जुलै २०२२ मध्ये रेंज नसलेल्या २४,६८० गावांसाठी फोर-जीची योजना मंजूर केली. त्यात मुरबाड तालुक्यातली कुठली गावं आहेत, तुमचं आहे का, किती टॉवर उभे राहिले? यात तुमचाही हिशोब आहे. रेंज आली तर आठवड्यातले काही दिवस गावातून काम होईल. एसटीने कल्याण, लोकलने ठाणे, मग ट्रान्स-हार्बरने ऐरोली, अशी अडीच तासांची एक बाजू रोज झेपणार नाही, आठवड्यातून दोनदा झेपेल. तेव्हा गावात राहायला जायचं का, यादीत नाव तिकडे न्यायचं का, हा प्रश्न खरा होईल, आणि तो तिघांनी मिळून ठरवायचा.

बरोबरीने 'दिशा' समितीच्या मागच्या दोन बैठकांची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागवा. लोकसभेच्या संकेतस्थळावर तुमच्या भागातल्या खासदारांचे गेल्या तीन मुदतींतले प्रश्न वाचा, मुरबाड रेल्वेवर कुणी काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं ते तारखेनिशी उतरवा. ठाण्याचे खासदार रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा अहवाल दरवर्षी छापून मतदारांपुढे ठेवत. तुम्ही निवडून आलेले नसलात तरी सहा वर्षांच्या अभ्यासिकेचा आणि टँकरचा तसा चार पानी अहवाल लिहून गावात वाटा. किती पैसे आले, कुठे गेले, काय जमलं नाही. तो वाचून गाव तुमच्याशी काय बोलतं, त्यावरून तुम्हाला पुढचं बरंच कळेल.

वडिलांना मात्र नीट विचारा, 'आपलं काम नाही' असं त्यांना का वाटतं. गावची निवडणूक भावकीत कशी शिरते हे त्यांनी पाहिलेलं असणार. तुम्ही तेव्हा वाशीला किंवा कॉलेजात असाल.

पुढच्या ग्रामसभेला तुम्ही जालच. यादीत नाव नाही, म्हणून तुम्हाला तिथे हात वर करता येणार नाही, वडिलांना येईल. त्यांच्या शेजारी बसा आणि शिक्षकाच्या रिकाम्या जागेचा विषय त्यांना मांडू द्या. अर्ज पत्नीला लिहायची विनंती करा, आणि त्याआधी एकदा तिला ती शाळा दाखवा. चार वर्ग एका खोलीत चालतात म्हणजे नेमकं काय होतं, ते तिला तुम्ही समजावून सांगायची गरज पडणार नाही.